आवक क्रमांक

आमच्या सोसायटीत नवं बिऱ्हाड आलं की वॉचमन त्यांना दोन गोष्टी सांगतो. पाण्याचा टँकर किती वाजता येतो ही एक, आणि पोडियमच्या कोपऱ्यातल्या पांढऱ्या मारुतीला टेकून उभं राहायचं नाही ही दुसरी. टँकरची वेळ दर आठवड्याला बदलते. मारुतीचा नियम मी वाघोलीत राहायला आल्यापासून तोच आहे.

मारुती आप्पांची. आठशे, १९९९ सालची, कार्ब्युरेटरवाली. आप्पांचं वय अठ्ठ्याहत्तर. त्यांनी एका सरकारी कचेरीच्या रेकॉर्ड रूममध्ये छत्तीस वर्षं काढली. लाल कापडात बांधलेले गठ्ठे, गठ्ठ्यांवरच्या चिठ्ठ्या आणि गठ्ठ्यांतली झुरळं यांच्याशी त्यांचा जो घरोबा जमला तो माणसांशी काही जमला नाही. त्यांच्या मते जगात माणसं दोनच प्रकारची : अर्ज दिल्यावर आवक क्रमांक घेणारी आणि नंतर रडणारी. एकदा मी त्यांच्याकडून ड्रिल मशीन मागून आणलं. परत द्यायला गेलो तर त्यांनी वही काढली, माझी सही घेतली, वर ११७ असा नंबर टाकला आणि तोच नंबर एका चिटोऱ्यावर लिहून मला दिला. "जपून ठेवा," म्हणाले. अजून माझ्या पाकिटात आहे. टाकायचं धाडस होत नाही.

गाडीच्या तीन बॉक्स फाइली आहेत. पहिलीत जन्म : डिलरचं बिल, आरसी बुक, पुढे आलेलं स्मार्ट कार्ड, कराच्या पावत्या. दुसरीत सव्वीस वर्षांचा विमा. तिसरीत फक्त पीयूसी. नवी गाडी पहिलं वर्ष माफ असते, मग भारत स्टेज चारच्या आधीच्या गाडीला दर सहा महिन्यांनी धुराची तपासणी करून दाखला घ्यावा लागतो. त्या हिशेबाने नोव्हेंबर २००० पासून नोव्हेंबर २०२५ पर्यंत एक्कावन्न दाखले होतात. आप्पांकडे एक्कावन्न आहेत. प्रत्येकाची झेरॉक्ससुद्धा आहे, कारण शाई उडते.

नोव्हेंबर हा त्यांच्या घरात दाखल्यांचा महिना. त्याच महिन्यात पेन्शनीसाठी हयातीचा दाखला द्यायचा असतो. "बघा," आप्पा मला म्हणाले, "मी जिवंत आहे यावर सरकार वर्षभर विश्वास ठेवतं. गाडीच्या चालचलणुकीवर फक्त सहा महिने." त्यांच्या बोलण्यात तक्रार नव्हती. वर्षातून दोनदा कागद मिळतो याचंच त्यांना अप्रूप.

पंधरा वर्षं झाली की खासगी गाडीची नोंदणी संपते आणि पुढे दर पाच वर्षांनी ती नव्याने करून घ्यावी लागते. आप्पांनी ती २०१४, २०१९ आणि २०२४ अशी तीनदा केली. दर वेळी पर्यावरण कर भरायचा, पेट्रोलच्या गाडीला पाच वर्षांचे तीन हजार. चेसिस नंबरावर कागद ठेवून पेन्सिलीने घासायचं, नंबर उमटवून घ्यायचा. हे काम आप्पा एजंटला करू देत नाहीत. बॉनेट उघडून स्वतः वाकतात, आणि तो करडा ठसा उमटू लागला की लहान मुलाच्या पायाचा कुंकवाचा ठसा घेतल्यासारखे हरखतात. नोंदणीची फी पूर्वी सहाशे होती. एप्रिल २०२२ पासून ती पाच हजार झाली. आप्पांनी २०२४ मध्ये पाच हजार भरले, आणि ऑगस्ट २०२५ मध्ये केंद्राने वीस वर्षांवरच्या मोटारींसाठी दहा हजार केले. त्या आठवड्यात आप्पांनी सोसायटीत पेढे वाटले. "पाच हजार वाचले," असं ते लिफ्टमध्ये भेटेल त्याला सांगत होते. त्या गाडीला भंगारवाला एकूण किती देईल हा हिशेब काकूंनी एकदा मांडला होता. आप्पांनी तो फाइलला लावला नाही.

नव्या सुरक्षा नंबर प्लेटच्या बाबतीत मात्र त्यांना दगाफटका झाला. ३१ मार्च २०२५ ही मुदत होती. आप्पांनी सातशे पंचेचाळीस अधिक जीएसटी भरून फेब्रुवारीतच प्लेट लावली. मग मुदत वाढली, परत वाढली, पार डिसेंबरपर्यंत वाढत गेली. ज्यांनी काहीच केलं नाही त्यांना दंडही झाला नाही. वेळेवर फॉर्म भरणाऱ्या माणसाचा एवढा अपमान त्यांनी छत्तीस वर्षांच्या नोकरीत पाहिला नव्हता म्हणे.

एक जखम अजून ओली आहे. सरकारी पोर्टलवर गाडीचा नंबर टाकला की सगळी कुंडली दिसते. मालक, रंग, इंधन, सगळं. फक्त 'एमिशन नॉर्म्स' या ओळीपुढे येतं : उपलब्ध नाही. त्याचं कारण साधं आहे. भारत स्टेजची पहिली पायरी देशभर एप्रिल २००० मध्ये आली आणि आप्पांची गाडी तिच्या पाच महिने आधीची. म्हणजे गाडीला स्टेजच नाही. "मराठी माणसाची गाडी आणि तिला स्टेज नाही?" असं आप्पा हसून म्हणतात खरे, पण त्या ओळीत काहीतरी भरलं जावं म्हणून त्यांनी तीन अर्ज केलेत. तिन्हींचे आवक क्रमांक त्यांना तोंडपाठ आहेत.

पीयूसीचा दिवस बघण्यासारखा असतो. एरवी आप्पा गाडी काढत नाहीत. नगर रस्त्यावर केसनंद फाट्याची कोंडी ज्यांनी पाहिली आहे त्यांना कारण सांगायला नको. आप्पा पीएमपीच्या ज्येष्ठ नागरिक पासावर हिंडतात. पण पीयूसीला गाडी न्यावीच लागते, आणि नुसती नेऊन चालत नाही, तापवून न्यावी लागते. थंड इंजिनात चोक ओढलेला असतो, पेट्रोल जास्त आणि हवा कमी जाते, अर्धवट जळतं, आणि कार्बन मोनॉक्साइडचा आकडा चढतो. सोसायटीच्या दारात पीयूसीवाला असला तरी आप्पा आधी गाडी लोणीकंदपर्यंत फिरवून आणणार. आदल्या दिवशी एअर फिल्टर झटकतात, प्लग काढून पॉलिश पेपरने घासतात. टायरची हवाही बघतात. तिचा धुराशी काय संबंध असं मी एकदा विचारलं तर म्हणाले, "परीक्षेला जाताना नखं कापतोच ना आपण?"

त्या दिवशी काकू ठेवणीतली साडी नेसतात. हातात थर्मास. पुढच्या सीटवर पर्स मांडीवर घेऊन अशा बसतात की बघणाऱ्याला वाटावं, लग्नाला निघाल्या. आप्पा सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणतात, "इंजिन तापवायला चाललोय." तास-दीड तासाने परततात, येताना वाघेश्वराचं दर्शन झालेलं असतं, गाडीत कांदाभज्यांचा वास असतो, आणि इंजिन अर्थातच तापलेलं असतं.

मग सेंटर. आप्पा आणि पीयूसीचा पोरगा यांचं नातं जुनं आहे, म्हणजे पोरगा चौथा आहे पण नातं तेच. तो सायलेन्सरमध्ये नळी घालतो, मोबाइलवर नंबर प्लेटचा फोटो घेतो, सव्वाशे रुपये मागतो. आप्पा पडद्यासमोरून हलत नाहीत. एवढ्या जुन्या गाडीला कार्बन मोनॉक्साइडची मर्यादा तीन टक्के आणि हायड्रोकार्बनची पंधराशे पीपीएम. आकडा खाली उतरू लागला की त्यांचा चेहरा बाळंतपणाच्या खोलीबाहेर उभ्या असलेल्या नवऱ्यासारखा होतो. "शून्य पॉइंट आठ, आजोबा." आप्पा मागे वळून काकूंना सांगतात, "झाली!" त्याच वेळी मागच्या रस्त्यावरून खडीचा डंपर जातो आणि पुढची दोन मिनिटं पडदाच दिसत नाही. वाघोलीत दगडखाणी आहेत, क्रशर आहेत, टँकर आहेत, २०२१ पासून महापालिकाही आहे. या धुळीच्या ढगात उभा राहून शून्य पॉइंट आठचा कागद छातीशी धरणारा माणूस हास्यास्पद आहे की एकटाच शहाणा, हे मला अजून ठरवता आलेलं नाही.

आता लंडनची भानगड. आप्पांचा मुलगा हॅरोला असतो. त्याच्याकडे २००४ ची एक जपानी बनावटीची पेट्रोल गाडी होती. लंडनने २०१९ मध्ये शहराच्या मधल्या भागात युलेझ म्हणून कमी धुराचा पट्टा आखला आणि २९ ऑगस्ट २०२३ ला तो पार कडेच्या वस्त्यांपर्यंत ताणला, त्यात हॅरोही आलं. गाडी नियमात बसत नसेल तर साडेबारा पौंड, दिवसाला, नाताळचा एक दिवस सोडून. पावती फाडायला कोणी हवालदार नाही. कॅमेरा नंबर वाचतो. पेट्रोल गाडीला युरो चारचा निकष, आणि तो साधारण २००६ पासूनच्या गाड्यांत असतो. मुलाने वेबसाइटवर नंबर टाकला. उत्तर आलं : बसत नाही.

"विकतो आता," मुलगा रविवारच्या व्हिडिओ कॉलवर म्हणाला.

आप्पा खुर्चीत ताठ झाले. "बसत नाही हे कोण म्हणालं?"

"कॉम्प्युटर, बाबा."

"कॉम्प्युटरला गाडीचं साल माहीत आहे. धूर माहीत आहे का?"

त्यानंतर महिनाभर आप्पा भारतीय वेळेने झोपले नाहीत. त्यांनी मुलाकडून तिथल्या लॉगबुकाचा फोटो मागवला आणि भिंगाखाली धरून नायट्रोजन ऑक्साइडचा रकाना शोधला. रकाना होता, कोरा होता. कोरा रकाना पाहून आप्पांना काय होतं ते त्यांच्या ओळखीच्यांनाच कळेल. २००६ च्या आधी बनलेल्या काही पेट्रोल गाड्याही प्रत्यक्षात त्या निकषात बसतात, किलोमीटरला ०.०८ ग्रॅमपेक्षा जास्त नायट्रोजन ऑक्साइड सोडत नाही असा बनवणाऱ्या कंपनीचा कागद आणला तर गाडी मान्य होते. आप्पांनी पत्राचा मसुदा मराठीत सांगितला, मुलाने इंग्रजीत केला. विषय, संदर्भ, "उपरोक्त विषयास अनुसरून" सगळं. तीन आठवड्यांनी कंपनीचं पत्र आलं. ०.०५. मुलाने ते वर पाठवलं आणि आनंदाने फोन केला.

"आवक क्रमांक दिला का त्यांनी?"

"बाबा, ऑनलाइन आहे सगळं."

"ऑनलाइन असेल. आवक क्रमांक?"

ईमेलमध्ये खाली बारीक अक्षरात एक संदर्भ क्रमांक होता. तो वाचून दाखवल्यावरच आप्पा झोपायला गेले. पुढच्या पंधरवड्यात गाडी मान्य झाली.

इथे आप्पांनी थांबायला हवं होतं. पण विजय पचवणं अवघड. त्यांनी लंडन जिंकल्याची हकिकत गणपतीत, कोजागरीला, आणि लिफ्ट बंद पडली तेव्हा आत अडकलेल्या सहा जणांना सांगितली. त्या सहांत चेअरमनसाहेब होते. त्यांना पोडियममध्ये दुसऱ्या गाडीसाठी जागा हवी होती आणि कोपऱ्यातल्या मारुतीवर त्यांचा फार दिवसांपासून डोळा होता. ते लिफ्टमध्ये अगदी शांतपणे म्हणाले, "कन्सेप्ट चांगली आहे, आप्पा. जरा डिटेल सांगा ना."

पुढच्या वार्षिक सभेच्या विषयपत्रिकेवर सातवा विषय आला : पोडियम हा कमी धुराचा पट्टा जाहीर करणे व पंधरा वर्षांवरील वाहनांस त्यात मज्जाव करणे. सोसायटीत पंधरा वर्षांवरचं वाहन एकच.

सभेला एरवी कोरमसाठी वॉचमनला बसवावं लागतं. त्या दिवशी खुर्च्या कमी पडल्या. आप्पा तिन्ही बॉक्स फाइली घेऊन आले. चेअरमननी दिल्लीचा दाखला दिला : तिथे डिझेलला दहा वर्षं, पेट्रोलला पंधरा, सुप्रीम कोर्टाने २०१८ मध्ये शिक्कामोर्तब केलंय. आप्पा याचीच वाट बघत होते. म्हणाले, "दिल्लीने वय पाहिलं. मग जुलै २०२५ मध्ये पंपावर कॅमेरे लावून जुन्या गाड्यांचं पेट्रोल बंद केलं आणि काही दिवसांतच माघार घ्यावी लागली. लंडन वय बघत नाही, धूर बघतं. तुम्ही नाव लंडनचं लावलंत आणि नियम दिल्लीचा आणलात. आधी एक काय ते ठरवा." इतकं नेटकं बोलणं मी आमच्या सभेत आजवर ऐकलं नव्हतं. मागून कोणीतरी टाळीही वाजवली.

"मग लंडनमध्ये तुमची ही आठशे चालेल का?" चेअरमननी खोचकपणे विचारलं.

"चालेल की," आप्पा म्हणाले. "तिथे चाळीस वर्षांची झाली की गाडी ऐतिहासिक धरतात, दंड माफ. माझी २०३९ ला होते. मी ब्याण्णवचा असेन. येईन घेऊन."

शेवटी ठरलं की रविवारी फिरती पीयूसी व्हॅन बोलवायची आणि पोडियममधल्या सगळ्याच गाड्या तपासायच्या. रविवारी जे घडलं ते थोडक्यात सांगतो, कारण त्यात माझंही नाव येतं. सत्तावीस गाड्यांपैकी अकरांची पीयूसी संपलेली होती. त्यातली एक माझी, वय वर्षं पाच. चेअरमनसाहेबांची २०१५ ची डिझेल एसयूव्ही. भारत स्टेज चारच्या डिझेल गाडीला धुराची मर्यादा पन्नास एकक, त्यांचा आकडा आला एकसष्ट. त्यांनी मशीनमध्ये दोष आहे म्हणून परत करायला लावलं. चौसष्ट आला. आप्पांच्या गाडीने नेहमीप्रमाणे शून्य पॉइंट आठ दिला, अर्थात सकाळी लोणीकंद करून आल्यावर.

तपासणीनंतर सभा परत बसली. ठराव बारगळला असं सगळ्यांनी धरलं. तेवढ्यात तिसऱ्या मजल्यावरची एक मुलगी उभी राहिली. खराडीच्या आयटी पार्कात कामाला आहे, अजून तिशीची नाही. म्हणाली, "आप्पा, एक शंका. तुमच्या गाडीची मर्यादा तीन टक्के. माझ्या गाडीची शून्य पॉइंट तीन. दहापट सैल. तुमचा शून्य पॉइंट आठ माझ्या गाडीला आला असता तर मी नापास झाले असते. मग तुमची गाडी स्वच्छ कशी? ती फक्त नियमात आहे."

तिचं बरोबर होतं. आप्पांनी इतकी वर्षं जे सिद्ध केलं ते एवढंच की गाडी तिच्या जमान्याच्या मानाने सभ्य आहे. सभेत शांतता झाली. आप्पांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. मला वाटलं, संपलं.

"तुझी गाडी महिन्याला किती चालते, बाळ?"

"असेल हजारेक किलोमीटर."

"टक्के झाले. आता किलोमीटर बघ." आणि त्यांनी तिसऱ्या फाइलीच्या तळातून एक निळी वही काढली. सरकारी जीपला असते तसली, हाताने रकाने आखलेली : दिनांक, निघताना किलोमीटर, पोहोचल्यावर किलोमीटर, प्रयोजन, सोबत, शेरा. वही त्यांनी तिच्या हातात दिली. "मोठ्याने वाच. सभेच्या इतिवृत्तात यायला हवं."

ती वाचू लागली. "मे २०२३, लोणीकंद आणि परत, चौदा किलोमीटर, प्रयोजन : इंजिन तापवणे, सोबत : सौ. नोव्हेंबर २०२३, लोणीकंद आणि परत, चौदा, इंजिन तापवणे, सौ. मे २०२४, लोणीकंद, चौदा, इंजिन तापवणे, सौ. नोव्हेंबर २०२४, आरटीओ..." तिने चार पानं मागे उलटली. तीच नोंद. दहा पानं मागे गेली. सोबतच्या रकान्यात दुसरं नाव कुठेच नव्हतं. वाचताना तिचा आवाज हळू होत गेला आणि लोक काकूंकडे बघायला लागले. काकू मागच्या रांगेत त्याच ठेवणीतल्या साडीत बसल्या होत्या, सकाळची नेसलेली.

"वाघेश्वराचं लिहिलंय का?" काकूंनी विचारलं.

"हो, शेऱ्यात आहे. वाघेश्वर दर्शन."

"आणि भजी?"

मुलीने पान उलटसुलट करून पाहिलं. भजी कुठे नव्हती. काकूंनी आप्पांकडे पाहिलं.

"त्यांनी पावती दिली नव्हती," आप्पा म्हणाले.